स्तेफानची डावी बाजू

"आवाज बंद कर आधी," दारसेल म्हणाला. "सामना काय कानांनी बघतोस?"

माझा तो माँत्रेलमधला पहिलाच दिवस. गावाचं खरं नाव सांगत नाही, माँत्रेल म्हणा. उत्तर फ्रान्समधलं, कोळशाच्या बंद पडलेल्या खाणींचं गाव. तिथला क्लब फ्रान्सच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये कसाबसा तग धरून होता. दारसेल त्यांचा कोच. बुटका, टकला, गळ्यात कायम शिट्टी. मी त्यांचा नवा व्हिडिओवाला. प्रत्येक सामना पुन्हापुन्हा बघायचा, त्याचे तुकडे कापायचे आणि कोण कुठं चुकला ते ज्याच्या-त्याच्या पदरात घालायचं, हे माझं काम. या धंद्यात सगळेच आवाज बंद ठेवून बघतात. गाणी, ढोल, आरडाओरडा कानावर पडला की माणूस वाहवत जातो आणि रद्दी खेळसुद्धा चांगला वाटायला लागतो.

मला ते जड गेलं. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. आमच्याकडं फुटबॉल आधी ऐकायचा, मग बघायचा. शाहू स्टेडियमवर गोल झाला की घरात भाकरी थापणारी आमची आई नुसत्या आवाजावरनं सांगायची, गोल कुणाचा ते. पण नोकरी नवी होती, देश परका होता. आवाज बंद केला, तो थेट मे महिन्यात उघडला.

स्तेफान वोज्निक आमचा कॅप्टन. मधल्या बचावफळीत डाव्या अंगाला खेळायचा. त्याचा आजा पोलंडहून खाणीत कामाला आलेला, बापही खाणीत गेला. घर स्टेडियमच्या पाठीमागं. अख्खी कारकीर्द त्यानं त्या एका क्लबात काढली होती. आमच्या पेठेत असल्या माणसाला देव मानतात. त्या क्लबात मला 'जेवलास का' असं विचारणारा पहिला माणूस तोच. विश्वजित इंगवले हे नाव काही त्याच्या जिभेवर बसेना. "विश, एवढं लांब नाव ठेवून तुझ्या बापाला काय मिळालं?" म्हणायचा. फ्रेंचमध्ये सगळी थट्टा करायचा आणि मी कोल्हापुरी फ्रेंचमध्ये परत द्यायचो.

ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात हेडर मारताना समोरच्याचं कोपर त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. थोडे दिवस बाहेर बसला, मग परत आला. डॉक्टरांनी तपासलं, ठीक आहे म्हणाले. विषय संपला.

जानेवारीत मी त्याच्या क्लिपा कापत होतो आणि मला काहीतरी खुपायला लागलं. पुन्हा बघितलं. जुने सामने काढून बघितले. मग त्याला सराव झाल्यावर व्हिडिओच्या खोलीत बोलावलं, दार लावलं.

"हे बघ," मी म्हटलं. "हा सप्टेंबरमधला तू. डावीकडं नुसती मान वळवतोस. आणि हा आत्ताचा. मान नाही, अख्खं अंग फिरवतोस. दर वेळी. डावीकडनं आलेला बॉल तुला उशिरा सापडतोय."

त्यानं हात लांब करून पडदा बंद केला.

"अजून कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"दाखवू नकोस." त्यानं तळहातानं उजवा डोळा झाकला. "आता या खोलीत तू आहेस का नाहीस, मला सांगता येणार नाही. थोडा उजेड कळतो, बास."

"आणि डॉक्टर? त्यांनी तपासलं ना?"

"अक्षरांचा तक्ता पाठ केला. शाळेत कधी एक कविता पाठ झाली नाही, पण हा झाला." हसला लेकाचा.

मी भडकलो. "येडा झालास काय? उद्या दुसऱ्या डोळ्याला लागलं तर काय करशील?"

"घरी बसेन. आज सांगितलं तरी घरीच बसणार. फरक काय?"

"फरक काय म्हणजे? पोरंबाळं आहेत तुला!"

"विश, ऐक." त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. "आज सांगितलं तर लोक काय म्हणतील? बिचारा. मला बिचारा व्हायचं नाही. हा हंगाम संपू दे, संघ याच लीगमध्ये राहू दे. मग मी स्वतः माइक हातात घेऊन मैदानाच्या मधोमध सांगेन, बघा रे, एका डोळ्यावर वाचवला तुमचा क्लब, आणि एकाच्याही बापाला पत्ता लागला नाही. त्यानंतर खुशाल घरी बसवा."

हे म्हणताना त्याचं तोंड असं फुललं होतं, की माझा राग कुठल्या कुठं गेला.

"आणि डाव्या बाजूला बकारी आहे की," तो म्हणाला. "बघतोस ना कसा चिकटून राहतो? किती वर्षं घसा फोडतोय मी त्याच्यापुढं, जागा सोडू नको, जागा सोडू नको. शेवटी शिकलं पोरगं. क्लबाला माझ्याकडनं ती एक भेट समज."

बकारी आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे बचावफळीत स्तेफानच्या डाव्या हाताला खेळणारा. पॅरिसच्या बाहेरच्या वस्तीतला, आईबाप मालीहून आलेले. वाऱ्यासारखा पळायचा, पण डोकं जागेवर नसायचं. ऑक्टोबरनंतर मात्र तो खरंच सुधारला होता. पुढं धावायचं सोडून स्तेफानच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायला लागला होता. मीच त्याच्या क्लिपा संघाला दाखवून म्हटलं होतं, याला म्हणतात शिस्त.

मी तोंड बंद ठेवलं. सरावानंतर आम्ही दोघं रोज बरोबर पार्किंगपर्यंत चालत जायचो. तो माझ्या कानात बारीकसारीक विचारायचा, आज कुठं चुकलो, कुणाला संशय आलाय का. मी म्हणायचो, नाही, कुणाला नाही. आणि मला खरंच तसं वाटत होतं.

संघ मात्र घसरत चालला. तिथं खालच्या संघांना खालच्या लीगमध्ये ढकलतात, आणि आम्ही त्या काठावर उभे होतो. लोक बिथरले. तिथल्या कट्टर समर्थकांना अल्ट्रा म्हणतात. गोलपोस्टमागच्या स्टँडमध्ये उभं राहून ते शेवटपर्यंत गातात. फेब्रुवारीत एका सामन्याला त्यांनी ठरवलं, पूर्वार्धात गायचं नाही. आले, मैदानाकडं पाठ करून उभे राहिले आणि गप्प. हा तिथला निषेध. मी वर छपराखाली कॅमेऱ्याशी बसलो होतो. एवढं भरलेलं स्टेडियम आणि चिडीचूप. मला आमच्याकडच्या तिरडीपुढची शांतता आठवली. नको ते मनात आलं म्हणून मी मोबाइल काढून बसलो.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. बरोबरी झाली असती तरी वाचत होतो. सामना संपत आलेला, बरोबरी टिकून होती. तेवढ्यात बकारीच्या पोटरीत गोळा आला. दारसेलनं त्याला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी एक नवा खेळाडू आत सोडला. बकारी लंगडत बाहेर येताना मागं वळून सारखा त्या नव्या पोराला हातानं खुणा करत होता, जवळ जा, जवळ जा. पोराला काही कळलं नाही.

बॉल उजवीकडनं आला. स्तेफाननं तो बघितला, बरोबर बघितला. त्याच्या डाव्या खांद्यामागनं त्यांचा एक फॉरवर्ड आत शिरला आणि स्तेफाननं उडी घ्यायच्या आत त्यानं डोकं लावलं. गोल. स्तेफान जागेवर गोल-गोल फिरून बघत होता, हा आला कुठनं.

आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो. बाकीचे खेळाडू बोगद्यातनं ड्रेसिंग रूमकडं पळाले. स्तेफान एकटा अल्ट्रांच्या स्टँडपुढं जाऊन उभा राहिला, कारण कॅप्टननं जायचं असतं. त्याच्यावर थुंकले. डावीकडनं आलेली बाटली त्याला दिसली नाही, कानशिलावर बसली.

चार दिवसांनी दारसेलनं मला बोलावलं. हंगाम संपला म्हणून टेबलावर खोकी भरून ठेवली होती.

"स्तेफानच्या क्लिपा काढ," तो म्हणाला. "डाव्या बाजूनं झालेली प्रत्येक चूक. ऑक्टोबरपासनं."

"कशाला, कोच?"

"त्याचा डावा डोळा गेलाय. कालच्या तपासणीत सापडलं. अख्खा हंगाम आपल्याला फसवलं त्यानं." दारसेलनं मान हलवली. "एवढा जुना माणूस! मला विश्वासच बसेना. त्याचा अजून एका वर्षाचा करार आहे. दुखापत लपवली हे सिद्ध झालं की क्लब तो रद्द करेल. मंगळवारी अध्यक्षांपुढं बैठक आहे. तू पडद्यावर दाखवायचं."

मला वाटलं, आता हा विचारणार, तुला माहीत होतं का? त्यानं नाही विचारलं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि व्हिडिओच्या खोलीत जाऊन क्लिपा कापायला बसलो. दुसरं काय करणार? माझा व्हिसा त्या नोकरीवर होता.

ऑफिस रिकामं झालं होतं. हंगाम संपला की तिथं माणसं अशी पांगतात, जणू कधी ओळखच नव्हती. कॅन्टीनवाली बाईसुद्धा निघून गेली होती. त्या रिकाम्या इमारतीत बसून मी मित्राच्या चुका गोळा करत होतो. मला ते सोसेना. जरा माणसांचा आवाज कानावर पडावा म्हणून मी वर्षात पहिल्यांदा आवाज चालू केला.

पडद्यावर नेमका तो फेब्रुवारीतला, पाठ फिरवलेल्या लोकांचा सामना होता. क्लबला जी फीत मिळते तिच्यावर समालोचन नसतं, नुसते मैदानाच्या कडेला लावलेले माइक. एरवी गाण्यांमुळं त्यात काहीच ऐकू येत नाही. त्या दिवशी गाणी नव्हती. बकारी कडेला थ्रो-इन घ्यायला आला. आणि दारसेलचा आवाज आला, दबका, पण स्वच्छ.

"त्याच्या डाव्या अंगाकडनं हलू नको म्हटलं ना! आंधळा आहे तो तिकडनं. तू पुढं पळालास तर बाहेर काढीन तुला."

"माहितीय, कोच. माहितीय," बकारी म्हणाला.

मी परत लावलं. परत तेच. पुढं ऐकलं तर आमचा गोलकीपर ओरडत होता, "डावीकडं, स्तेफ, डावीकडं!" आणि मधल्या फळीतला एक जण, "स्तेफ, मागं माणूस!" आवाज बंद असताना मला वाटायचं, स्तेफान किती हुशारीनं खेळतोय. अरे, त्याला तर अख्खा संघ हाताला धरून चालवत होता.

मी बकारीला फोन लावला.

"सगळ्यांना माहीत होतं, विश," तो म्हणाला. "ऑक्टोबरपासनं. डॉक्टर तक्त्याला फसले नव्हते, त्यांनी कोचला सांगितलं. कोचनं आम्हाला गोळा करून सांगितलं, त्याच्या जागी खेळायला दुसरा सेंटर बॅक नाही आपल्याकडं. सांभाळून घ्या, आणि त्याला कळू देऊ नका. कळलं तर थांबेल तो."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू त्याचा दोस्त. तुझ्या पोटात राहिलं नसतं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. कामापुरता मामा! वर्षभर एका डोळ्याच्या माणसाला कोपरांच्या जंगलात उभा केला, आणि संघ बुडाल्यावर म्हणे त्यानं फसवलं. कोल्हापूर असतं तर दारसेलच्या दारात जाऊन शिव्या घातल्या असत्या, चार पेठा गोळा केल्या असत्या. पण मग मला सुचलं, शिव्यांची गरजच नाही. ही फीत बैठकीत लावायची. आवाज चालू ठेवायचा, बास. स्तेफानचा करार टिकला, दारसेल उघडा पडला.

मंगळवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी आधी स्तेफानच्या घरी गेलो. तो गॅरेजमध्ये मुलीच्या सायकलची चेन बसवत होता.

"सुटलास तू," मी म्हटलं. "ऐक हे." आणि हेडफोन त्याच्या कानावर चढवले.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं, तो आनंदानं उडी मारेल. त्यानं ऐकलं. हात काळे होते, म्हणून बोटानं खूण केली, परत लाव. परत ऐकलं. मग पुढचं, गोलकीपरचं, सगळं ऐकलं. आणि हेडफोन न काढताच म्हणाला, "किती जणांना माहीत होतं?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला, मी काय घेऊन आलोय ते.

"स्तेफ—"

"किती जणांना?"

"सगळ्यांना."

त्यानं हेडफोन काढून सायकलच्या सीटवर ठेवले. "बकारी शिकला नव्हता म्हणजे."

मी लॅपटॉप मिटला.

"मी बायकोला सांगत होतो," तो म्हणाला, "पोरगं बघ कसं तयार केलं मी." आणि हसायला गेला, पण ते हसू झालं नाही. "गोलकीपर ओरडायचा, तेव्हा मला वाटायचं, घाबरलाय बिचारा, आधार पाहिजे त्याला. मी त्याला म्हणायचो, शांत राहा, मी आहे."

"हे बघ, तो दारसेल हरामखोर आहे. आपण हे लावू, सगळ्यांपुढं—"

"नाही लावायचं."

"अरे, नाही काय? वर्षाचा पगार आहे! तुझ्या हक्काचा आहे!"

"काय आहे हक्काचं?" तो एकदम ओरडला. आतनं त्याची मुलगी डोकावली, तिला त्यानं हातानं जा म्हटलं. मग आवाज खाली आणला. "विश, हे लावलंस तर मी जिंकेन. आणि उद्या पेपरात काय येईल? वोज्निकला सगळ्यांनी सांभाळून घेतला. कुणी थुंकलं, कुणी बाटली मारली, सोसलं मी, कारण मला वाटत होतं, मी एकट्यानं एक हंगाम एका डोळ्यावर काढला आणि कुणाला कळलं नाही. तेवढंच होतं माझ्याकडं. तेही आज सकाळी तू नेलंस. निदान लोकांकडं तरी राहू दे."

मला रडू आलं. त्याच्यापुढंच आलं. तो उठला, काळ्या हातांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, माझा पांढरा शर्ट खराब झाला.

दुपारी बैठक झाली. अध्यक्ष, त्यांचा वकील, दारसेल. स्तेफान कोट घालून आलेला, त्याच्या बाजूनं कुणी नव्हतं. मी पडद्याशी बसलो. चुकीमागनं चूक दाखवत गेलो. फेब्रुवारीचा सामना आला तसं माझं बोट आवाजाच्या बटणावर गेलं. हात शिवशिवत होते. एक बटण, आणि हा टकला तोंड लपवायला जागा शोधेल.

स्तेफाननं माझ्याकडं अख्खं अंग वळवून बघितलं. बारीकशी मान हलवली, नको.

मी बोट काढलं.

"तुम्ही ही गोष्ट सगळ्यांपासून लपवलीत?" वकिलानं विचारलं.

"सगळ्यांपासून," स्तेफान म्हणाला. ताठ बसला होता. "डॉक्टर, कोच, खेळाडू. सगळ्यांना फसवलं मी. एकालाही संशय आला नाही."

त्यानं दारसेलकडं बघितलं. दारसेल शिट्टीच्या दोरीशी खेळत होता. त्याला कळलं, की याला कळलंय. वर बघायची हिंमत झाली नाही त्याची. आमच्याकडं म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत आता काही उरलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाच माहीत होतं.

करार रद्द झाला. स्तेफाननं सही केली, अध्यक्षांचा हात हातात घेतला आणि बाहेर पडला. ड्रेसिंग रूममधनं बूट घेतले, एका पिशवीत घातले. मी त्याच्याबरोबर निघालो, नेहमीसारखा पार्किंगकडं.

निम्म्या वाटेत तो थांबला.

"विश, तू कधीपासनं माझ्या डाव्या बाजूनं चालतोस?"

मी खाली माझ्या पायांकडं बघितलं. खरंच की. मला आठवेना. शप्पथ सांगतो, मला माहीतच नव्हतं. जानेवारीपासनं चालत असेन.

"मुद्दाम नाही रे—"

"माहितीय. इकडं ये, उजवीकडं," तो म्हणाला. "माझ्याशी बोलतोस तेव्हा तुझं तोंड तरी दिसू दे."

मी त्याला वळसा घालून उजवीकडं गेलो. तो काहीतरी सांगत होता, मुलीच्या सायकलीचं, चेन नवीन घ्यावी लागेल असलं काहीतरी. फाटक आलं. त्याच्या डाव्या हाताला लोखंडी खांब होता. मला दिसत होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा खांदा खांबावर थाडकन आपटला, पिशवी पडली, बूट बाहेर आले.

त्यानं बूट गोळा केले, पिशवीत घातले आणि चेन कुठल्या दुकानात बरी मिळते ते सांगायला लागला.